वृंद आणि कोलाहल

गाणे ही एकट्याने करायची गोष्ट आहे, अशी आपल्या मध्यमवर्गीय घरांतून एक पक्की समजूत आहे. मध्ये गवई, मागे दोन तंबोरे, उजव्या हाताला तबला, डाव्या हाताला पेटी. ही आपल्या मनातली मैफलीची मूर्ती. या मूर्तीत जरा फेरफार झाला की जाणती मंडळी अस्वस्थ होतात. पाचसहा तरुण मुलेमुली एका ओळीत बसली आहेत, कुणाच्या हाती बासरी, कुणाच्या हाती व्हायोलिन, एकीकडे तबला, दुसरीकडे पखवाज, आणि कडेला गिटार किंवा कीबोर्ड घेऊन कुणी उभा आहे, असे दृश्य दिसले की पहिल्या रांगेतले आजोबा शेजाऱ्याच्या कानाशी लागतात, ‘‘झालं! गाण्याचा ऑर्केस्ट्रा झाला!’’

आजोबांची तक्रार अगदीच पोकळ नाही. ‘ऑर्केस्ट्रा’ या शब्दाला मराठीत एक वेगळाच वास चिकटला आहे. गणेशोत्सवाचा मांडव, चमचमते कपडे, सिनेमाची गाणी आणि कानठळ्या बसविणारे कर्णे, एवढे सगळे त्या एका शब्दात येते. ज्या मुलाने दहा वर्षे गुरूपुढे बसून यमन घोटला, त्याने त्या गर्दीत जाऊन उभे राहावे, हे त्यांना पाहवत नाही. आणि नातवंडांचे म्हणणे असे की, आजोबांना नवे काहीच रुचत नाही. दोघेही एकमेकांवर प्रेम करतात, म्हणून वाद मिटत नाही!

तेव्हा प्रश्न नीट मांडू या. शास्त्रीय संगीत शिकलेल्या तरुण मुलांनी आजच्या वृंदात बसून वाजविले-गायिले तर त्यांचे गाणे बिघडते की घडते? या प्रश्नाचा विचार मला वाशीमपासून सुरू करावासा वाटतो. कुणी म्हणेल, संगीताचा प्रश्न आणि वाशीम? मिरज नाही, पुणे नाही, ग्वाल्हेर नाही, आणि वाशीम? पण याला कारण आहे, आणि ते चांगले दीड हजार वर्षांचे जुने कारण आहे.

वत्सगुल्माची माणसे

आजचा वाशीम जिल्हा तसा नवा. अकोला जिल्ह्यातून तो १ जुलै १९९८ रोजी वेगळा झाला. पण गाव फार जुने. वाकाटकांच्या एका शाखेची ती राजधानी. तेव्हाचे नाव वत्सगुल्म. मराठीच्या वर्गात काव्यशास्त्राचा इतिहास शिकविताना राजशेखराची एक कथा हटकून सांगावी लागते. दहाव्या शतकाच्या आरंभीच्या या पंडिताने आपल्या ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांची जोडी कल्पिली आहे. रुसून निघालेल्या काव्यपुरुषाच्या मागोमाग ही वधू देशोदेशी हिंडते. जिथे जाईल तिथला वेष करते, तिथले नृत्य करते, तिथली वाद्ये आपलीशी करते. आणि अखेर त्यांचा विवाह लागतो तो विदर्भातल्या वत्सगुल्म नगरीत! म्हणजे शब्दाला सूर-तालाची सोबत मिळण्याचे मंगलकार्य राजशेखराने वाशीमला लावून दिले आहे. वाशीमकरांनी या गोष्टीचा जरा तरी अभिमान बाळगायला हवा.

कथा राहू द्या, इतिहासाकडे वळू. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात हरिषेण हा या वत्सगुल्म शाखेचा राजा होऊन गेला. त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे खोदविले. तिथला शिलालेख त्याची साक्ष देतो. अजिंठ्यातली उत्तमोत्तम चित्रे याच राजाच्या काळात रंगली, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पहिल्या लेण्यात महाजनक जातकाचे चित्र आहे. राजा महाजनकाचे मन संसारातून उडाले आहे, आणि त्याला रमविण्यासाठी नृत्य चालले आहे. मध्ये नर्तकी, आणि तिच्या भोवती वाद्ये घेतलेल्या स्त्रिया. कुणी बासरी ओठांशी धरली आहे, कुणी झांज वाजविते आहे, कुणी मृदंगावर हात टाकला आहे. सगळ्या तरुण, सगळ्यांची नजर आणि माना एका लयीत कललेल्या. हा एक वाद्यवृंद आहे, आणि तो संपूर्णपणे मुलींचा आहे!

म्हणजे ज्याला आपण आजची टूम म्हणतो, ते चित्र वाशीमच्या राजाच्या काळात भिंतीवर रंगून झाले होते. त्याच्याही आधी भरताच्या नाट्यशास्त्रात वाद्यांच्या अशा मेळ्याला ‘कुतप’ हे नाव आहे, आणि रंगभूमीवर कोणी कुठे बसावे, याचेही नियम आहेत. खरे पाहता एकट्या गवयाची मैफल हीच आपल्याकडची अलीकडची गोष्ट. ख्याल, त्याची घराणी आणि त्याचा दिवाणखाना हा सारा संसार दोनअडीचशे वर्षांचा. वृंद मात्र त्याचा पणजोबा शोभेल!

हिशेबनिसाने सांगितलेले सहा गुण

वृंद कसा असावा याचा चोख हिशेब मात्र एका हिशेबनिसाने मांडून ठेवला आहे. तेराव्या शतकात देवगिरीला यादवराजा सिंघण याच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचा अधिकारी होता. राज्याच्या हिशेबाचे खाते त्याच्याकडे, आणि उरलेल्या वेळात त्याने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. (हिशेब आणि गाणे यांचे आपल्याकडे काही तरी नाते असावे. कारंज्याला लागून असलेल्या मूर्तिजापूरला १९२० साली जन्मलेले डॉ. वसंतराव देशपांडे हेही कित्येक वर्षे लष्कराच्या हिशेब-कचेरीत नोकरी करीत होते.)

शार्ङ्गदेवाच्या हिशेबाप्रमाणे उत्तम वृंदात चार मुख्य गायक, त्यांना साथ देणारे आठ, बारा गायिका, चार बासरीवाले आणि चार मृदंगवादक असावेत. बेरीज बत्तीस. याच्या निम्मा तो मध्यम, आणि त्याहून लहान तो कनिष्ठ. आणि बत्तिसांहून अधिक माणसे जमली तर? त्याला शार्ङ्गदेवाने दिलेले नाव आहे ‘कोलाहल’! आजोबा जे पहिल्या रांगेत पुटपुटतात, तेच सातआठशे वर्षांपूर्वी ग्रंथात लिहून ठेवले आहे.

पण गंमत एवढ्यावर संपत नाही. चांगल्या वृंदाचे सहा गुणही तो सांगतो. मुख्याच्या मागोमाग जाणे, हा पहिला. एकमेकांच्या सुरात मिळून जाणे, हा दुसरा. ताल आणि लय यांचे बोट न सोडणे, हा तिसरा. तिन्ही सप्तकांत सहज संचार करण्याची ताकद आणि आवाजांचा सारखेपणा, हे आणखी दोन. उरलेल्या एका गुणाला त्याने ‘मिथस्त्रुटितनिर्वाह’ असा भारदस्त शब्द योजला आहे. शब्दाने दचकू नका. अर्थ अगदी घरगुती आहे. एकाचे जिथे तुटेल तिथे दुसऱ्याने सांभाळून न्यायचे. एकाचा श्वास संपला, तर श्रोत्याला कळायच्या आत दुसऱ्याने तो स्वर उचलायचा.

वाशीमकडच्या माणसाला हा गुण समजावून सांगावा लागत नाही. दर वर्षी शेगावहून पंढरपूरला निघालेली गजाननमहाराजांची पालखी मेडशी, शिरपूर, रिसोड अशी या जिल्ह्यातून जाते. ऐन उन्हात मैलोगणती चाललेल्या त्या ओळींत एखाद्याचा आवाज बसतो, एखाद्याला ठेच लागते. पण अभंगाचे चरण थांबत नाहीत, कारण मागची ओळ ते उचलून घेते. शाहिराच्या मागे उभा असलेला झीलकरी हेच करतो. शाहीर दम घेतो तेवढ्यात झीलकऱ्याने सूर धरलेला असतो. पोहरादेवीच्या परिसरातले बंजारा बांधव होळीला लेंगी म्हणतात, तेव्हा एक ओळ एकाची आणि पुढची साऱ्यांची असते. पोहरादेवीला बंजाऱ्यांच्या वारशाचे जे संग्रहालय ऑक्टोबर २०२४ मध्ये खुले झाले, त्याचे नावच मुळी एका वाद्यावरून आहे, ‘नंगारा’. सारांश, ग्रंथातला वृंद आपल्या खेड्यापाड्यांतून कधी गेलाच नव्हता. गेला तो फक्त दिवाणखान्यातून.

मैहरचा बँड

दिवाणखान्यात तो परत आला, त्याची हकिगत मोठी हृद्य आहे. १९१८ च्या सुमारास साथीच्या रोगाने मध्य भारतातल्या मैहर संस्थानात कितीतरी मुले पोरकी झाली. तिथले दरबारी वादक बाबा अल्लाउद्दिन खाँ यांनी अशी मुले गोळा केली, त्यांच्या हाती वाद्ये दिली आणि त्यांचा वृंद उभा केला. तो ‘मैहर बँड’ म्हणून प्रसिद्ध झाला. देशी वाद्यांशेजारी पियानो आणि चेलो यांनाही बाबांनी मज्जाव केला नाही. बंदुकीच्या नळ्या कापून त्यांनी ‘नलतरंग’ नावाचे नवे वाद्यच केले. माणसे मारायच्या नळीतून सूर काढणारा हा अवलिया!

आता पुढचे ध्यानात घ्या. हेच बाबा शिष्यांच्या बाबतीत अत्यंत कडक. एकेक पलटा हजारदा घोटून घेणारे. त्यांच्या तालमीतून अली अकबर खाँ, अन्नपूर्णादेवी, रविशंकर आणि पन्नालाल घोष बाहेर पडले. एकट्याने तासन् तास राग मांडणारे हे सारे कलावंत. ज्या माणसाने वृंद केला, त्यानेच हे एकांडे शिलेदार घडविले. वृंद आणि मैफल यांच्यात सवतीमत्सर असता, तर हे एका घरात कसे घडले असते?

पुढे १९५२ साली आकाशवाणीने दिल्लीला आपला वाद्यवृंद सुरू केला, तेव्हा त्याची सूत्रे हाती घ्यायला रविशंकर होते, आणि १९५६ पासून पन्नालाल घोष. म्हणजे मैहरचे पाणी तिथेही पोचले. रेडिओपुढे बसून तो वृंद ऐकलेली माणसे आज आजोबांच्या वयाची आहेत. त्या वेळी त्यांच्याही आजोबांनी नाक मुरडले असणारच!

तीन तरुण आणि मेंढपाळाचा एक दिवस

या विषयात मला सर्वांत बोलके वाटते ते मुंबईतले एक उदाहरण. १९६७ साली तीन तरुण ध्वनिमुद्रणासाठी एकत्र आले. संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया आणि गिटारवर ब्रिजभूषण काब्रा. तिघेही अजून तिशीच्या उंबरठ्यावर. तबल्याला होते आपले माणिकराव पोपटकर. काश्मीरच्या खोऱ्यातल्या एका मेंढपाळाचा दिवस स्वरांतून सांगायचा, अशी कल्पना. पहाटेचा अहीरभैरव आणि नटभैरव, मग पिलू, भूप, देस, आणि शेवटी पहाडी. ही ध्वनिमुद्रिका ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या नावाने जगभर गेली, आणि ज्यांनी जन्मात कधी ख्याल ऐकला नव्हता अशा घरांतून ती वाजू लागली.

यातली खोच अशी की, त्या काळी ही तिन्ही वाद्ये मैफलीच्या दाराशी ताटकळत उभी होती. संतूर हे काश्मीरच्या सूफियाना गाण्यातले वाद्य. १९५५ साली शिवकुमारांनी ते मुंबईच्या रंगमंचावर आणले, तेव्हा जाणकारांनी विचारले, ‘‘यात मींड कुठे आहे?’’ गिटार तर परदेशी. काब्रांनी ती मांडीवर आडवी घेतली आणि अली अकबर खाँसाहेबांकडे जाऊन सरोदाची तालीम तिच्यावर उतरविली. बासरीला पन्नालालबाबूंनी मैफलीत नुकतेच कुठे पाट-पाणी मिळवून दिले होते. तिघांनी मिळून जे केले ते बेताचेच होते. एकाने स्वर मांडावा, दुसऱ्याने तो लांबवावा. संतूरचा स्वर उमटतो आणि विरतो. बासरीचा स्वर टिकतो. संतूरला मींड नाही, ती गिटार भरून काढते. एकाचे उणे ते दुसऱ्याचे अधिक. शार्ङ्गदेवाचा तो भारदस्त शब्द इथे प्रत्यक्ष ऐकायला मिळतो.

आणि बिघडले म्हणाल, तर कोण बिघडले? हरिप्रसाद आणि शिवकुमार दोघेही सिनेमाच्या वाद्यवृंदांतून वाजवीत. पैसा होता, काम होते, नाव होऊ लागले होते. तरीही हरिप्रसाद अन्नपूर्णादेवींच्या दारी गेले. त्यांनी शिकविण्यास सहजासहजी होकार दिला नाही. आपण खरोखरच पहिल्यापासून शिकायला तयार आहोत हे पटवून देण्यासाठी या सिद्धहस्त वादकाने बासरी धरायची बाजूच बदलली. उजवीची डावीकडे केली, आणि नवशिक्यासारखी पुन्हा फुंकर घालायला आरंभ केला, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. वृंद त्यांनी सोडला नाही. पण वृंदावर ते थांबलेही नाहीत. मला वाटते, आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर या एका गोष्टीत आहे.

शक्ती आणि सखी

नंतरची पिढी आणखी दूर गेली. माहीमला वाढलेले झाकीर हुसेन १९७५ साली अवघे चोवीस वर्षांचे असताना इंग्रज गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन, व्हायोलिनवादक एल. शंकर आणि घटम् वाजविणारे विक्कू विनायकराम यांच्यासह ‘शक्ती’ या वृंदात बसले. उत्तरेचा तबला आणि दक्षिणेचा घटम् एकमेकांना प्रश्न विचारू लागले. पुढे त्यात चेंबूरला वाढलेले आणि श्रीनिवास खळे यांच्याकडे शिकलेले शंकर महादेवन आले. या वृंदाच्या ‘धिस मोमेंट’ या ध्वनिमुद्रिकेला फेब्रुवारी २०२४ मध्ये ग्रॅमी पारितोषिक मिळाले, आणि त्याच वर्षी १५ डिसेंबरला झाकीरभाई गेले. पण या माणसाने एकट्याचा तबला कधी सोडला होता काय? वृंदात वाजवून झाल्यावर ख्यालाच्या मागे विलंबित ठेका धरून शांत बसणे त्यांना कमीपणाचे वाटले नाही. साऱ्या जगाला टाळ्या वाजवायला लावणारा हात तिथे निमूटपणे समेची वाट पाहत असे.

अजिंठ्याच्या चित्राची आठवण करून देणारा आणखी एक वृंद अलीकडचा आहे. गायिका कौशिकी चक्रवर्ती यांनी केवळ स्त्री-कलावंतांचा ‘सखी’ हा वृंद बांधला. बासरीवर देबोप्रिया चॅटर्जी, व्हायोलिनवर नंदिनी शंकर, तबल्यावर सावनी तळवलकर, पखवाजावर महिमा उपाध्याय आणि कथकासाठी भक्ती देशपांडे. सगळ्या रीतसर तालमीतून आलेल्या. देबोप्रिया या हरिप्रसादांच्या शिष्या, म्हणजे पुन्हा मैहरचीच शाखा. नंदिनी या एन. राजम् यांच्या नात. सावनी या तालयोगी सुरेश तळवलकरांच्या कन्या आणि शिष्या. तबला-पखवाज हे पुरुषांचे काम, असे आपल्याकडे कालपरवापर्यंत मानीत. दीड हजार वर्षांपूर्वीच्या भिंतीवर मृदंग वाजविणाऱ्या मुली मात्र तसे मानीत नव्हत्या. मधल्या काळात आपणच मागे आलो होतो, दुसरे काय!

आजोबांची बाजू

एवढे सांगितले म्हणून आजोबांचे सगळेच चुकले असे नव्हे. आजच्या वृंदात खऱ्या अडचणी आहेत, आणि त्या ऐकणाऱ्यानेही समजून घ्याव्यात.

पहिली अडचण पट्टीची. गायिकेची पट्टी साधारणपणे काळी चार-पाच, गायकाची काळी एक-दोन. दोघांचा षड्ज एक करायचा तर कुणाला तरी गळा ताणावा लागतो किंवा खर्जात उतरावे लागते. बासरीवाला दुसरी बासरी घेईल. संतूरवाल्याला मात्र शंभराच्या घरातल्या तारा पुन्हा लावाव्या लागतील. पंडित जसराजांनी यावर ‘जसरंगी’ची युक्ती काढली. गायिकेने आपल्या षड्जावरून एक राग गायचा, गायकाने आपल्या षड्जावरून दुसरा. मूर्च्छनेच्या हिशेबाने दोघांचे स्वर एकमेकांत चपखल बसतात. पण ही युक्ती पेलायला दोघेही तयारीचे लागतात.

दुसरी अडचण कीबोर्डाची. पाश्चात्त्य रीतीत एका वेळी तीन-तीन स्वर दाबून सुरांना आधार देतात. ऐकायला गोड लागते. पण रागाची वाट लागते. साधा भूप घ्या. त्यात मध्यम आणि निषाद वर्ज्य. कीबोर्डवाल्याने सवयीने म-ध-सा हे तीन स्वर एकदम दाबले, की मध्यम आत आला. प-नी-रे दाबले, की निषाद आला. गायिका भूप गाते आहे आणि तिच्या मागे कुणी तरी दुसराच राग वाजवितो आहे! मारव्यात पंचम नाही; तिथे कुणी सरळ सा-ग-प दाबले, की त्या कातरवेळेची सगळी हुरहूर नाहीशी. ज्या वृंदात कीबोर्डवाल्याला राग ठाऊक असतो, तो वृंद तीन स्वर टाळून एकावर थांबतो. ज्याला ठाऊक नसतो, तो सगळेच वाजवितो.

तिसरी अडचण लयीची. आजच्या मोठ्या वृंदांत कित्येकदा वादकांच्या कानात यंत्राची टिकटिक चालू असते. सगळे एकत्र राहतात, हे खरे. पण आपल्या गाण्यातली लय ही घड्याळाची नसते, श्वासाची असते. ती हळूहळू चढते, आणि केव्हा चढली हे कळतही नाही. यंत्र तिला चढू देत नाही. शिवाय सगळे आधी बसवून ठेवले, तर आयत्या वेळी सुचणारी उपज कुठे राहिली? शहाणे वृंद मध्ये मोकळी आवर्तने ठेवतात. इथे बासरीने हवे ते करावे, इथे तबल्याने. फक्त भेटायची तिहाई ठरलेली. भेट ठरलेली असली की रस्ता कुठलाही चालतो.

पण या साऱ्या अडचणींची मुळे पाहिली, तर दोष वृंदाचा नसून अपुऱ्या तयारीचा आहे, हे ध्यानात येईल. कच्चा गवई एकटा असला तरी कच्चाच असतो. वृंदात त्याला लपायला जागा मिळते, एवढाच काय तो फरक!

तंबोरा गवसणीत जाण्यापूर्वी

आता शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. मुंबई-पुण्याची मोठी नावे बाजूला ठेवू. वाशीम, कारंजा, रिसोड, मंगरूळपीर या गावांतून गाणे-वाजविणे शिकणाऱ्या मुलांचे पुढे काय होते?

ही मुले शिकतात, हे आधी सांगितले पाहिजे. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा लहान लहान गावांतली मुलेही देतात. पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला लावलेल्या रोपाच्या या पारंब्या. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, आणि चिकाटी असेल तर विशारद. परीक्षा एकट्याची, गुण एकट्याचे, प्रमाणपत्रही एकट्याचे. ते चौकटीत घालून बैठकीच्या खोलीत लावले जाते. पाहुणे आले की, ‘‘आमची ताई विशारद आहे बरं का,’’ असे सांगितले जाते. आणि ताईचा तंबोरा गवसणीत घालून माळ्यावर जातो.

असे का होते? एकट्याच्या मैफलीला जे लागते ते लहान गावी नसते. तासभर ख्याल ऐकणारे पन्नास श्रोते नसतात. विलंबित एकताल संथ धरणारा तबलजी नसतो. सारंगीचे तर नावच नको. मोबाइलमधला तंबोरा लावून किती वर्षे भिंतीला ऐकवायचे? वर्षातून एकदा महाविद्यालयाचे स्नेहसंमेलन आणि एकदा युवा महोत्सव. त्या महोत्सवांतही मौज पाहा. शास्त्रीय गायन एकट्याचे, शास्त्रीय वादन एकट्याचे. समूहाने गायचे ते समूहगीत, आणि समूहाने वाजवायचे तर लोकवाद्यवृंद. शास्त्रीय शिकलेल्या पाच मुलांनी एकत्र बसून काही मांडावे, याला चौकटच नाही.

शिक्षकाच्या नोकरीत इतकी वर्षे मुले पाहतो आहे, त्यावरून सांगतो. स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात रिकाम्या वर्गात तालीम चालते, तेव्हा एकेकट्याने गाणारी मुले फळ्याकडे तोंड करून गातात. तीच मुले चौघे-पाच जण गोलात बसली की एकमेकांकडे पाहून गातात. ज्या पोराने लहानपणापासून काकडआरतीला मृदंग वाजविला आहे, त्याला राग ठाऊक नसतो. पण समोरच्याचा दम कुठे संपणार, हे त्याला बरोबर कळते. जिने मध्यमापर्यंत परीक्षा दिल्या आहेत, तिला राग ठाऊक असतो. पण कुणासाठी थांबायचे असते, हे तिला कुणी शिकविलेले नसते. दोघे एकत्र आली की दोघांचेही शिक्षण पुरे होते. वृंदाची ही खरी कमाई.

लहान गावी वृंदाला लागतेच काय? एक पेटी, एक तबला, एक मृदंग, दोन गळे आणि कुणाची तरी बासरी. एक षड्ज ठरवायचा. एक राग घ्यायचा, तोही साधा; दुर्गा किंवा भूप. बंदिशीचे मुखडे सगळ्यांनी मिळून, आणि मधली चार-चार आवर्तने एकेकाला मोकळी. देवळाचा सभामंडप पुरे. ख्यालाला तासभर न बसणारा श्रोता इथे अर्धा तास बसतो, कारण त्यात त्याच्या ओळखीचा मृदंग असतो. आणि एकदा अर्धा तास बसायची सवय लागली की तो पुढे तासभरही बसेल. मैफलीचा श्रोता असाच तयार होतो. आकाशातून पडत नाही.

मात्र एक पथ्य प्रत्येकाने पाळायचे. वृंदात घातलेला प्रत्येक तास एकट्याच्या रियाजाच्या दोन तासांवर उभा असला पाहिजे. पहाटेचा खर्ज एकट्यानेच लावायचा असतो; तिथे सोबतीचा उपयोग नाही. बासरीची बाजू बदलणाऱ्या त्या वादकाची गोष्ट मुलांना एवढ्यासाठी सांगायची. एकट्याची साधना नसेल, तर पाच जण मिळून कोलाहल करतात, बत्तिसांची गरज पडत नाही!

आणि पहिल्या रांगेतल्या आजोबांना माझी एवढीच विनंती आहे. पुढच्या वेळी अशी मुले समोर बसली की ‘ऑर्केस्ट्रा’ हा शब्द ओठांवर येण्याआधी क्षणभर थांबावे, आणि एकच गोष्ट ऐकावी. गाणाऱ्या मुलीचा श्वास एखाद्या ठिकाणी अपुरा पडेल. अशा वेळी बासरीने तो स्वर उचलला, तबल्याने हात हलका केला, आणि काही तुटले होते हे तुमच्याशिवाय कुणाला कळलेही नाही, तर समजावे की हा वृंद आहे. मग मनमोकळी दाद द्यावी. ती दाद माळ्यावरचा तंबोरा खाली उतरवू शकते.